गुलाबी पलटण

खंडेनवमीची दुपार आहे. पुरणाच्या चार पोळ्या पोटात आहेत, त्यांच्यावर कटाची आमटी आहे, आणि घटावर बांधून उरलेली एक कडाकणी मी कवळीच्या जिवावर फोडून खाल्ली आहे. आता कवळी काढून उशाशी स्टुलावर काचेच्या पेल्यात ठेवली आहे आणि मी कॉटवर आडवा झालो आहे. झोपणार नाही, नुसता पडतो, असं सुलभाला सांगितलं आहे. चाळीस वर्षं मी तिला हेच सांगतो आणि ती पंखा दोनवर करून निघून जाते.

समोरच्या कोपऱ्यात शस्त्रपूजा मांडली आहे. आमच्या घरात तलवार नाही. त्यामुळे पाटावर सुलभाची शिवणाची कात्री, विळी, पान्हा, स्कूटरची किल्ली, माझी मोजणीची टेप, भिंग आणि पाच ब्रश. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लागलेलं, प्रत्येकावर झेंडूचं फूल. पूजेला लागलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा नियम. एरवी नियमांचा मी भोक्ता आहेच, पण आज हा नियम मला जरा जास्तच आवडतो आहे.

कारण टेबलावर थर्मोकोलच्या पेटीत साठ शिपाई उभे आहेत. दोन-दोन बोटं उंच. खांद्यावर बंदूक, डोक्याला टोपी, छातीवर आडवे पट्टे, बटणंसुद्धा मोजता येतील असे. आणि सगळे नखशिखांत गुलाबी. कवळीच्या हिरड्या असतात ना, तोच गुलाबी.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर म्हाताऱ्याला चळ लागला म्हणाल. मी अच्युत किणीकर, भूमापन खात्यातून निवृत्त. दिनकर शिरगुप्पे हा माझा मित्र, मिरजेत कवळ्या बनवायचा. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हाला रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी पुस्तिका मिळाली. टेबलावर चिमुकल्या शिपायांची लढाई कशी लढावी, हे त्यात लिहिलेलं. फासा टाकायचा, टेपनं मोजून शिपाई पुढे सरकवायचे, तोफ डागायची, आणि कोण पडलं ते पुन्हा फाशाला विचारायचं. मी त्या नियमांचं मराठी करून मोजणीच्या वहीत उतरवलं. शिरगुप्प्याने कवळ्यांच्या मसाल्यात, म्हणजे त्यांच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये, शिपाई ओतले. रंग दोघांनी लावायचा. त्याच्या माडीवर टेबल टेनिसचा जुना टेबल होता, ते आमचं रणांगण.

पहिल्याच दिवशी नाणेफेक झाली. मी मराठे, तो इंग्रज. कुणीतरी इंग्रज व्हायलाच पाहिजे होतं. वाढदिवसाला केक कापला तर जेवण टाकून उठणारा हा माणूस, पंचवीस वर्षं कंपनी सरकारच्या बाजूने लढला आणि मला लाज वाटावी इतक्या वेळा जिंकला.

दर वर्षी तो मराठे मागायचा, गेल्या दसऱ्याला शेवटी मी नमलो. म्हटलं, चल, अदलाबदल करू. तू मराठे, मी इंग्रज, दोघांची फौज कोरी करकरीत. शिरगुप्प्याने सतरा दिवसांत एकशेवीस शिपाई ओतले. वसुबारसेला त्याने माझी पेटी माझ्या हातात दिली, मी झाकण काढलं, आणि आत हे गुलाबी. त्याचे स्वतःचे मराठे मात्र शुभ्र, दातांच्या मसाल्याचे. मी म्हणालो, "हिरड्यांची पलटण देतोस मला?" तो हसला. हसणं हा त्याचा मोठा दोष. मी म्हणालो, "जन्मभर चेष्टाच करत राहा." वहिनींनी चहा ओतला होता. तो तसाच सोडून मी जिना उतरलो. मी रागावलो की चहा सोडतो, हे सगळ्या मिरजेला माहीत आहे.

पाडव्याच्या पहाटे शिरगुप्पे झोपेतच गेला. वहिनी म्हणाल्या, ओठाला भगवा रंग लागलेला होता. ब्रशाचं टोक जिभेवर काढायची त्याला घाणेरडी सवय होती.

आता आमचे दोन नियम. एक, रंग न लावलेला शिपाई मैदानात उतरत नाही. दोन, दसऱ्याला टेबलावर खडूची रेघ मारायची आणि सीमोल्लंघन करायचं. ज्याचा निदान एक तरी पुरा रंगवलेला शिपाई रेघ ओलांडेल, त्याची फौज वर्षभर लढायला मोकळी. नाही ओलांडली, तर पेटी बंद, पुढच्या दसऱ्यापर्यंत. शिरगुप्प्याने जाण्याआधी बारा रंगवले होते. माझा एकही नाही. अकरा महिन्यांत मी लाल रंगाच्या तीन छटा आणल्या, कामाचा तक्ता आखला, आणि दर रविवारी शिपायांवरची धूळ झटकली.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, महिला मंडळ टेबल मागायलंय. पापड लाटायला बरा हाय म्हणतात. दसऱ्यापर्यंत थांबते मी. तुमचं काय ते कळवा."

दसरा उद्या आहे.

पंखा फिरतो आहे. पेल्यातली कवळी माझ्याकडे बघून हसते आहे. माझे डोळे मिटतात, उघडतात, मिटतात. उघडतात तेव्हा पेला स्टुलावर नाही, कारण स्टुलावर शिरगुप्पे बसला आहे आणि पेला त्याच्या हातात आहे.

"झोपलाईस काय?"

"पडलोय."

"दिसतंय की. तोंडाचा आ झालाय." तो पेला उजेडाकडे धरून माझी कवळी बघतो. "घासत नाहीस नीट. डाव्या दाढंला पुरण हाय."

अंगात तीच अर्ध्या बाह्यांची, खिशाला गुलाबी डाग पडलेली बंडी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला आनंद होतो, पण रागही अजून शिल्लक आहे, त्यामुळे तोंडाचं काय करावं ते कळत नाही.

"तू गेलास, दिनकर," मी म्हणतो.

"म्हणून काय माझं काम बघू नको? गिऱ्हाईकाला दोन वर्षांची हमी दिलीय मी." मग तो पेटीकडे मान वळवतो. "हे अजून नागडेच?"

"तक्ता तयार आहे."

"तक्ता घालून हिंडणार हाईत काय ते?"

मी कॉटवरून पाय खाली सोडतो. पाय फरशीला टेकायला हवा तो लाकडी पायरीवर टेकतो. ही त्याच्या माडीची पायरी आहे, तिसरी, मधोमध झिजलेली. वर त्या मसाल्याचा नाकात बसणारा वास आहे. स्टोव्हवर कुकर आहे. ह्या कुकरात तो कवळ्या शिजवायचा, आणि वहिनींनी एकदा चुकून ह्यात डाळ लावली तेव्हा दोन दिवस दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

"एक शिट्टी ऱ्हायलीय," तो म्हणतो. "बस."

मी बसतो. ह्याच कुकरात दातांबरोबर आमचे शिपाई शिजायचे. एकदा तासगावच्या एका मास्तरांच्या डबीत कवळीऐवजी घोडेस्वार गेला. मास्तर चौथ्या दिवशी परत आले. त्यांनी तो तोंडात लावून बघितला होता का, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. फक्त म्हणाले, तलवार टोचते.

"आठवतंय?" शिरगुप्पे विचारतो. मी काहीच बोललेलो नसतो. पण इथे ते लागत नाही बहुतेक.

शिट्टी होते. तो झाकण काढतो. वाफ जाते आणि वाफेच्या पलीकडे माझी कचेरी आहे. तीच जाळीची खिडकी, तीच हिरव्या कापडाची फाइल, आणि मी खिडकीच्या आत. बाहेर रांग. साठ माणसं, चांगली माझ्याएवढी उंच, सगळी गुलाबी. बंदुका आहेत, टोप्या आहेत, पण गुलाबी ते गुलाबीच. लोक वळून वळून बघताहेत. मधला एक जण फार लाजाळू आहे, त्याने बंदुकीचा दस्ता पुढे धरला आहे.

पहिला शिपाई खिडकीत वाकतो. "साहेब, कोट."

"अर्ज केलाय?"

"अकरा महिने झाले की हो साहेब."

हे शिपाई कंपनीचे असले तरी अस्सल मिरजेचं बोलतात. बरोबरच आहे, जन्म इथलाच.

"असं आहे," मी सांगतो, "आधी तुम्हाला पांढरं अस्तर. ते वाळलं की करडा हात. मग लाल, तीन हात किंवा चार. मधे प्रत्येक वेळी एक दिवस वाळवण. मग पट्टे, मग बटणं. तक्ता लावलाय बाहेर, वाचा."

"वाचला, साहेब. तक्त्याप्रमाणं आमचा नंबर पुढच्या फाल्गुनात लागतोय. गारठा वाजतोय."

"काम पद्धतशीर झालं पाहिजे."

मागून कुणीतरी खोकतं. रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात टोकन आहे, एकसष्ट नंबरचं. तो शिरगुप्पे आहे.

"मला एक इच्यारायचंय साहेबांस्नी," तो रांगेतूनच म्हणतो. "मोजणीला गेल्यावर साहेब जमिनीवर पाय ठेवतात, का नकाशाच बघत बसतात?"

रांग हसते. साठ माणसं हसतात आणि साठांचीही दंतपंक्ती एकसारखी आहे. एकाच साच्यातली आहे ती. माझा चेहरा तापतो. वसुबारसेला तापला होता अगदी तसाच. मी खिडकी बंद करायला हात पुढे करतो. पण खिडकीला दार नाही. माझ्या हाताखाली हिरवं लाकूड आहे, खूप लांबपर्यंत पसरलेलं, आणि त्याच्यावर जुना पांढरा पट्टा आहे, गाडीवाटेएवढा रुंद. मी त्या लाकडावर उभा आहे.

हा टेबल टेनिसचा टेबल आहे. मी दोन बोटांचा झालो आहे.

शिरगुप्पेही दोन बोटांचा झाला आहे आणि त्याला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही. आमच्यापुढे खडूची रेघ आहे. जवळून बघितली तर ती रेघ म्हणजे खडीच्या ढिगासारखी दिसते, गुडघाभर उंच. पलीकडे त्याचे मराठे उभे आहेत. बारा जण रंगवलेले, पागोट्यांना लाल, कमरेला हिरवा शेला, आणि हातात भगवी निशाणं. बाकीचे अठ्ठेचाळीस नुसते शुभ्र, पण उन्हात असे चमकताहेत की डोळे दिपावेत.

"कसे हाईत?" तो विचारतो. आवाज जरा हळवा आहे.

"छान आहेत," मी म्हणतो. खरंच छान आहेत. "पंचवीस वर्षं थांबलास ह्यांच्यासाठी."

"व्हय की. आणि चार दिवस मिळालं."

मला माहीत आहे की आता बोलायला हवं. मी मोजणी खात्यातला माणूस, अंतर किती आहे ते मला बघताक्षणी कळतं. पण तोंडात दात नाहीत, आणि दात नसताना माफी मागायची म्हणजे शब्द सगळे वाऱ्यावर जातात.

"तू मला चिडवायला गुलाबी दिलास," मी म्हणतो. म्हणायचं होतं दुसरंच.

"का दिला ते इच्यारलंस काय?"

"तू हसत होतास."

"तुझ्या तोंडाकडं बघून हसलो मर्दा. पेटीत झुरळ निघाल्यासारखं तोंड केलंवतंस. सांगणारच हुतो मी. तंवर तू चप्पल घालून जिन्यात." तो खिशातून ब्रश काढतो, टोक जिभेवर फिरवतो. जीभ भगवी आहे. "इकडं ये रे," तो त्या लाजाळू शिपायाला बोलावतो.

शिपाई येतो आणि ताठ उभा राहतो. शिरगुप्पे लाल रंगात ब्रश बुडवतो आणि त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत एकच हात ओढतो.

ज्यांनी कधी शिपाई रंगवला नाही त्यांना सांगतो, लाल हा महाहट्टी रंग आहे. काळ्यावर लावा, मातकट दिसतो. पांढऱ्यावर लावा, फिका पडतो, घड्यांतून पांढरं डोकावत राहतं. तीन हात द्या, चार द्या, तोवर बटणं बुजून जातात. आमच्या जुन्या इंग्रजांचे कोट रंगवताना शिरगुप्प्याने किती शिव्या दिल्या होत्या, ते मी ऐकलेलं आहे.

इथे एकच हात फिरला आणि कोट झाला. लालभडक, भरीव, कुठे डाग नाही. घडीत जरासा गुलाबी राहिला आहे, तोही ऊन पडल्यासारखा दिसतो.

"अस्तर मी ओततानाच घातलंय," शिरगुप्पे म्हणतो. "गुलाबीवर लाल एका हातात बसतो. पंचवीस वर्षं लाल कोट रंगवून मला जे कळलं, ते तुला फुकटात दिलंवतं."

"आणि तुझे पांढरे?"

"मराठ्यांचे अंगरखे पांढरेच असतात की. नुसत्या घड्यांत सावली भरायची." तो ब्रश कानावर खोचतो. "तुझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू. साठ कोट, चार-चार हात. कवा झालं असतं तुझं? म्हटलं, ह्याचं एका हातात व्हावं. मग बटणं रंगवत बस म्हणावं पाहिजे तेवढी."

मला रडू येतं. सरळ सांगतो, दोन बोटांचा माणूस जेवढा रडू शकेल तेवढा मी रडतो. त्याने माझ्या डोळ्यांसाठी ती पलटण गुलाबी केली आणि मी त्याला म्हणालो, जन्मभर चेष्टा करत राहा. आणि जन्म तरी किती उरला होता, पुरते पाच दिवससुद्धा नाहीत.

"चुकलं माझं, दिनकर," मी म्हणतो. दात नाहीत तरी शब्द नीट येतात. "तेव्हाच परत यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी निघालो होतो मी. कोपऱ्यावरून मागे फिरलो. म्हटलं, तोच येईल."

"मी पण तेच म्हटलं," शिरगुप्पे म्हणतो. "दोघंबी शहाणे."

तो लाजाळू शिपाई आपल्या कोटाकडे बघतो आहे. बाही पुढे करतो, मागे करतो. शिरगुप्पे त्याच्या मनगटाशी रंग नेमका थांबवतो, एक केसभरही पुढे नाही, आणि ब्रश धुवायला वळतो. आमच्या शेजारी पाण्याची टाकी उभी आहे, काचेची. आत एक भलीमोठी कवळी आहे.

"अरे, त्यात नको. ते माझे दात आहेत."

"माझे हाईत. मी केलेत," तो म्हणतो आणि ब्रश खळखळ धुतो. लाल रेघ पाण्यात उतरते आणि दातांभोवती हळूहळू फिरायला लागते.

"ब्रश पूजेतला नाही ना?" मला एकदम धास्ती वाटते.

"खुळा काय तू? पूजेतलं कोण हलवंल? माझा हाय ह्यो."

बाकीचे एकोणसाठ आता रेघेजवळ येऊन थांबले आहेत. त्यांना रेघ ओलांडायची नाही, नुसतं बघायचं आहे. एकाच्या अंगात कोट असला की बाकीच्यांना धीर येतो, हे मी माझ्या कचेरीत कधी पाहिलं नव्हतं.

"पण समोरून लढणार कोण?" मी विचारतो. "तुझे मराठे हलवायला माणूस कुठे आहे?"

"ती हाय की."

"वहिनी?"

"पंचवीस वर्षं पोहे देता देता सगळं बघितलंय तिनं. नियम तुझ्यापरीस जास्त पाठ हाईत. दोन हजार अकरा साली मी वाकून पोह्याची बशी घ्यायलतो, तवा तू तोफ दोन इंच पुढं सरकवलीस. कुणी सांगितलं मला?"

मी इतका चमकतो की खडूच्या रेघेवर आपटतो. चौदा वर्षं ही गोष्ट मी छातीवर दगडासारखी वागवली आहे. सुलभालासुद्धा सांगितलेली नाही. "तुला माहीत होतं?"

"त्याच रात्री."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू चहा सोडला असतास."

हे खरं आहे. तरी राहवत नाही. "दीड इंच होती," मी म्हणतो. "टेपनं मोजून सांगतो. दोन नव्हती."

शिरगुप्पे हसायला लागतो. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, वसुबारसेला हसला होता तसाच. आणि ह्या वेळी मीही हसतो. साठ शिपाई हसतात, पलीकडचे मराठेही हसतात, निशाणं हलतात. मग तो डोळे पुसतो आणि म्हणतो, "ढकल त्याला."

मी त्या लाल कोटाच्या पाठीवर बोट ठेवतो. माझं बोट पुन्हा मोठं झालं आहे, शिपाई पुन्हा दोन बोटांचा. ओला रंग बोटाला गार लागतो. मी हलकेच ढकलतो. त्याचा पाय खडूच्या रेघेवर चढतो, थांबतो.

"आणि जाताना चहा घेऊन जा," शिरगुप्पे मागून म्हणतो. "तिनं ओतलाय."

टेबलाच्या कडेला कप आहे. वाफ येते आहे. मी हात पुढे करतो, कानाशी कुकर शिट्टी देतो, कपाची कड ओठाला लागते आणि

"चहा झालाय," सुलभा म्हणते. "चार वाजले. पडणार होता ना नुसते?"

पंखा दोनवर फिरतो आहे. पुन्हा पुरणाच्या पोळ्या जाणवायला लागतात. मी सवयीने चाचपत पेल्यातून कवळी काढतो आणि तोंडात बसवतो. चव वेगळी लागते. ही चव मला ओळखीची नाही, कारण ब्रश जिभेला लावायची सवय मला कधीच नव्हती.

"तोंडाला काय लागलंय तुमच्या?" सुलभा विचारते. "कुंकू?"

मी आरशात बघतो. वरच्या पुढच्या दाताच्या कडेला लाल रेघ आहे. पेल्यातलं पाणी पातळ कोकमासारखं झालं आहे. मी टेबलाजवळ जातो. थर्मोकोलच्या पेटीत एकोणसाठ गुलाबी शिपाई आहेत आणि एक लाल. मनगटापर्यंत नेमका. पाठीवर बोटाचा एक पुसटसा ठसा आहे. तो माझाच असावा.

सुलभाही येऊन बघते. मग आम्ही दोघे कोपऱ्यातल्या पाटाकडे बघतो. ब्रश पाच होते, पाच आहेत. प्रत्येकावर झेंडू जागच्या जागी, हळदकुंकवाचं बोट अखंड.

"झोपेत कुंकवाचा हात लागला असेल," सुलभा म्हणते. पण तिचाच आवाज बारीक आहे. कुंकवाला कोट कुठे संपतो आणि मनगट कुठे सुरू होतं हे कळत नाही, एवढं तिलाही समजतं. ती पेल्यातलं पाणी ओतायला घेते, मी तिला थांबवतो.

मग मी फोन लावतो. "वहिनी, टेबल देऊ नका. उद्या येतोय मी. एक शिपाई झालाय."

मग त्या विचारतात, "आणि ह्यांच्या बाजूनं कोण उभारणार, भावजी?"

"तुम्ही."

मागे कुठेतरी घड्याळ वाजतं आहे. "बरं," वहिनी म्हणतात. "उभारते. पण तोफ सरकवायची न्हाई, आधीच सांगते."

दीड इंच होती, हे माझ्या ओठांवर येतं. मी ते गिळतो. त्याऐवजी म्हणतो, "चहा ठेवा. ह्या वेळी पिऊन जाईन."

"त्या वेळचा मी मोरीत ओतला," त्या म्हणतात. "पण हे ऐकतात व्हय. दुसऱ्या दिवसापासनं चार वाजले की एक कप जास्त टाकायला लावायचे. येईल बघ तो, म्हणायचे. पाडव्याच्या आदल्या दिवसापातुर टाकला मी."

"उद्या चारला येतो, वहिनी," मी म्हणतो.

मी सुलभाने आणलेला चहा घेतो आणि पेटीसमोर खुर्ची ओढून बसतो. लाल कोट अजून ओला आहे. आज ब्रशाला हात लावायचा नाही, उद्या उत्तरपूजा झाली की बटणं. दातावरची रेघ मी घासलेली नाही. उद्या वहिनींच्या चहाने गेली तर जाईल.